मनोऱ्याकडून मोबाईलकडे : बीडच्या पडद्याचा मागोवा

बीड शहरात रेल्वे पोचली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. रुळांची मागणी करण्यात पिढ्या गेल्या. चित्र मात्र इतकं थांबलं नाही. ते आधी मनोऱ्यावरून आलं, मग डिशच्या छत्रीतून आणि केबलच्या वायरीतून, मग डब्यातून आणि २०१६ नंतर खिशातल्या मोबाईलमधून. या जिल्ह्यात पडदा रस्त्याच्याही पुढे धावला. त्याचा मागोवा घ्यावा असं मला फार दिवसांपासून वाटतं, कारण या धावेत प्रत्येक नव्या यंत्राने एक गोष्ट न चुकता केली आहे : आधीच्या यंत्रावर बीडने स्वतःबद्दल जे सांगितलं, ते पुसून टाकलं.

मूळ शोधायला निजामाच्या राज्यात जावं लागतं. बीड तेव्हा हैदराबाद संस्थानात. संस्थानाचं स्वतःचं रेडिओ केंद्र हैदराबादला होतं आणि दुसरं औरंगाबादला. १९४८च्या सप्टेंबरात संस्थान भारतात आलं आणि १ एप्रिल १९५० रोजी ही दोन्ही केंद्रं आकाशवाणीच्या ताब्यात गेली. आवाज औरंगाबादहून यायचा, हैदराबादहून यायचा. पुढे परभणीहून यायला लागला आणि शेतकऱ्यांच्या घरात मुरला. बीडने ऐकायचं, ही रीत तेव्हाच पडली. जिल्ह्याचं स्वतःचं आकाशवाणी केंद्र झालं ते बऱ्याच उशिरा, एफएमच्या काळात.

दूरचित्रवाणीच्या बाबतीत एक गोष्ट मराठवाड्याच्या इतिहासात सहसा कुणी नोंदवत नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून भारतातल्या सहा राज्यांमधल्या सुमारे २,४०० खेड्यांत टीव्ही दाखवला गेला. ‘साईट’ या नावाने तो प्रयोग ओळखला जातो. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन, शाळेतल्या मुलांसाठी कार्यक्रम, आणि गावात एक सामुदायिक संच. त्या सहा राज्यांत कर्नाटक आणि आंध्र प्रदेश होते, आणि त्यांतले गुलबर्गा, रायचूर, महबूबनगर, मेदक हे जिल्हे बीडसारखेच जुन्या हैदराबाद संस्थानातले. कालपर्यंत एका राज्यात असलेल्या भावंडांपैकी काहींच्या चावडीवर उपग्रहाचं चित्र आलं आणि महाराष्ट्रात गेलेल्या भावंडाच्या वाट्याला आलं नाही, कारण महाराष्ट्र त्या यादीत नव्हता. मुंबईला २ ऑक्टोबर १९७२ पासून दूरदर्शन होतं. मुंबईत आहे म्हणजे महाराष्ट्रात आहे, असा हिशेब त्या काळी चालत असावा. तो हिशेब आजही पुरता गेलेला नाही.

१९८२ साली एशियाडच्या निमित्ताने रंग आले, १९८३ साली इन्सॅट-१बी अवकाशात गेला आणि १९८४मध्ये देशभर प्रक्षेपकांची अशी लाट आली की काही महिने जवळजवळ रोज एक प्रक्षेपक सुरू होत होता. लहान प्रक्षेपक दिल्लीहून उपग्रहावर आलेलं चित्र खाली उतरवून आसपास फेकायचे. म्हणून मराठवाड्यातल्या कित्येक घरांत टीव्ही प्रथम बोलला तो हिंदीत. मुंबईचे मराठी कार्यक्रम, ‘आमची माती आमची माणसं’सुद्धा, सगळीकडे पोचायला वेळ लागला. ज्या मातीसाठी तो कार्यक्रम होता, तिच्यापर्यंत तो उशिरा आला.

बीड जिल्ह्याच्या पडद्याचं खरं ठाणं अंबाजोगाई. बालाघाटाच्या डोंगरावरचं हे गाव, म्हणून दूरदर्शनने तिथे उच्चशक्तीचा प्रक्षेपक उभारला. उंचावरून फेकलेली लहर दूर जाते, मधल्या टेकड्यांना अडत नाही. गावोगाव पत्र्यांवर, माळवदांवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचे अँटेना उभे राहिले, त्यांची तोंडं मनोऱ्याकडे. वारा सुटला की अँटेना फिरायचा आणि पडद्यावर मुंग्या यायच्या. एक जण वर, एक जण खाली, आणि मध्ये ‘आलं का? आलं का?’ असा पुकारा. १९८७-८८मध्ये रविवारी सकाळी ‘रामायण’ आणि पुढे ‘महाभारत’ पाहायला एका संचासमोर अख्खी आळी बसायची. संच ज्याच्या घरी असे, त्याला अंगणात सतरंजी टाकावीच लागे. गावात कोण कुणाच्या ओसरीवर बसू शकतो आणि कोण दारातूनच पाहतो, हेही त्या रविवारी दिसायचं. त्या आठवणी सांगताना हे दुसरं वाक्य आपण गाळतो. ते गाळू नये.

अंबाजोगाईबद्दल थोडं आडवळणाने सांगायला हवं. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी इथली. दासोपंतही इथलेच. त्यांनी ‘पंचीकरण’ लिहायला कापड निवडलं : सुमारे चाळीस फूट लांब, चार फूट रुंद अशी पासोडी, तिच्यावर ओव्या आणि त्यांच्या जोडीला आकृत्या. दासोपंत १६१५ साली गेले. कापड चारशे वर्षं जपलं गेलं, कारण ते जपण्याचं काम कुणीतरी स्वतःकडे घेतलं होतं. पुढे जे सांगायचं आहे, त्यासाठी ही पासोडी लक्षात असू द्यावी.

याच अंबाजोगाईत शिकलेला आणि शिक्षक म्हणून काम केलेला एक माणूस देशाच्या पडद्याचा कारभारी झाला. प्रमोद महाजन १९९८-९९मध्ये माहिती व प्रसारण मंत्री होते. १९९९मध्ये माहिती तंत्रज्ञानाचं वेगळं खातं निर्माण झालं, त्याचे ते पहिले मंत्री. पुढे दूरसंचारही त्यांच्याकडे आलं. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा, त्यांच्याच कारकिर्दीतला. तो झाला तेव्हा डोळ्यांसमोर होते ई-व्यापार, संगणकावरची सही, संगणकीय गुन्हे. मोबाईलवर पाहायच्या मालिका आणि गावातल्या पोराचा बातम्यांचा चॅनेल कुणाच्या स्वप्नातही नव्हता. तरी २५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारने ओटीटी आणि ऑनलाईन बातम्यांसाठी जे नियम आणले, ते याच कायद्याच्या आधाराने. आज बीडमध्ये कुणी मोबाईल उभा धरून ‘लाईव्ह’ जातो, तेव्हा त्याच्या डोक्यावरचं कायद्याचं छप्पर अंबाजोगाईच्या माणसाच्या काळात घातलेलं असतं.

आता केबलकडे वळू. माझ्या मते बीडच्या पडद्याचा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित काळ हाच. १९९१मध्ये आखाती युद्धाच्या वेळी शहरांत केबल आली, १९९२मध्ये झी सुरू झालं आणि दशक संपेपर्यंत तालुक्याच्या गावांत केबलवाला हा दूधवाल्यासारखा ओळखीचा माणूस झाला. एक मोठी छत्री, एक खोली, काही यंत्रं आणि विजेच्या खांबांवरून लोंबत गेलेली काळी वायर. त्या खोलीत एक रिकामा चॅनेल असायचा. त्यावर तो व्हीसीआर लावून सिनेमा दाखवायचा, गणपतीची मिरवणूक दाखवायचा, वाढदिवसाच्या शुभेच्छा, कापडदुकानाच्या जाहिराती आणि हळूहळू बातम्या. नगरपालिकेची सभा, बाजार समितीतला गोंधळ, सप्ताहातलं कीर्तन, नवरात्रात योगेश्वरीच्या देवळातली गर्दी. बीडने बीडला पडद्यावर पाहिलं ते तेव्हा पहिल्यांदा. दिल्लीला आणि मुंबईला त्याची गरज नव्हती, म्हणून कुणी अडवलंही नाही. १९९५चा केबल कायदा होता. पण खोलीतल्या त्या एका चॅनेलपर्यंत त्याचा हात क्वचित यायचा.

त्याच सुमारास उपग्रहावरून मराठी वाहिन्या आल्या : १९९९मध्ये अल्फा मराठी, २०००मध्ये ई-टीव्ही मराठी. ई-टीव्ही मराठी चालायची हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीतून. निजामाच्या रेडिओनंतर अर्ध्या शतकाने बीडची बातमी पुन्हा हैदराबादच्या वाटेला लागली. पण या वेळी फरक होता. त्या वाहिनीने जिल्ह्याजिल्ह्यात वार्ताहर नेमले आणि ग्रामीण महाराष्ट्राला वेळ दिला. शेतीचा कार्यक्रम रोज असायचा. जिल्ह्यातल्या वार्ताहराने चित्रण करायचं, कॅसेट एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्यायची, मोठ्या गावात ती कुणीतरी उतरवून घ्यायची आणि तिथून पुढे पाठवायची. सकाळची घटना रात्री दिसली तर नशीब. २००७-०८ पर्यंत चोवीस तासांच्या मराठी बातम्यांच्या वाहिन्या उभ्या राहिल्या, ओबी व्हॅन आल्या. ४ जून २०१४ला केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे यांच्यावर परळीत अंत्यसंस्कार झाले, तेव्हा तो लोटलेला जनसमुदाय सगळ्या राज्याने घरात बसून त्याच क्षणी पाहिला.

आणि त्याच वर्षांत केबलवाल्याची खोली बंद पडू लागली. २०११च्या दुरुस्तीने केबल ‘डिजिटल’ करणं सक्तीचं झालं. २०१२मध्ये मुंबईसारखी महानगरं, २०१३मध्ये पुणे, नागपूर, नाशिक, औरंगाबाद, सोलापूर. मग उरलेली शहरं आणि शेवटी खेडी, असा क्रम. मुदती वाढत वाढत शहरांसाठी जानेवारी २०१७ आणि खेड्यांसाठी मार्च २०१७ आली. प्रत्येक घरात सेट-टॉप बॉक्स, लोकांच्या भाषेत ‘डबा’. चित्र स्वच्छ झालं, मुंग्या गेल्या, चॅनेल शेकड्यांनी वाढले, कुठल्या घरात काय चालू आहे याचा हिशेब लागू लागला. हे फायदे खरेच आहेत. पण आता सिग्नल मोठ्या कंपनीच्या दूरच्या केंद्रातून कुलूपबंद होऊन येऊ लागला. मध्येच व्हीसीआर जोडून आपला चॅनेल सोडणं पूर्वीसारखं सोपं राहिलं नाही. मोठ्या कंपनीशी करार करा, जागेचे पैसे भरा, तर दिसा. कित्येकांनी यंत्रं भंगारात काढली. ३० नोव्हेंबर २०२२ला केंद्राने अशा स्थानिक वाहिन्यांसाठी नियम केले. नोंदणी आली आणि कार्यक्रमांचं चित्रण ९० दिवस जपून ठेवण्याची अट आली. दासोपंतांचं कापड चारशे वर्षं. आपल्या नगरपालिकेची सभा नव्वद दिवस.

डब्याने आणखी एक गोष्ट उघडी पाडली. २०१९मध्ये दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या नव्या दरपत्रकाने किमान भाडं करासह सुमारे १५३ रुपये झालं, वर हवे ते चॅनेल निवडून त्यांचे वेगळे पैसे. महिन्याचं रिचार्ज संपलं की चित्र बंद. ज्या जिल्ह्यातली लाखो माणसं वर्षातले पाच-सहा महिने घरीच नसतात, तिथे महिन्याच्या रिचार्जचा संसार कसा बसणार? दसरा-दिवाळी झाली की बीडचा ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल घेऊन ट्रॅक्टरमध्ये संसार भरतो आणि पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातो. नवरा-बायको मिळून एक कोयता. म्हातारी माणसं आणि काही पोरं गावात राहतात. टीव्ही मजुरांबरोबर कधीच गेला नाही. अँटेना तळावरच्या कोपीवर, म्हणजे खोपटावर, लागत नाही आणि डबाही तिथे चालत नाही. म्हणून दूरदर्शनची २००४ साली सुरू झालेली विनाभाडं डिश, आजची डीडी फ्री डिश, मराठवाड्यात तग धरून राहिली. पैसे एकदाच द्यायचे, मग घराला कुलूप असो की नसो.

त्यात विजेची गोष्ट. परळीला औष्णिक वीज केंद्र १९७१ पासून आहे. जिल्ह्याच्या गावांनी मात्र भारनियमनाची वर्षंच्या वर्षं काढली. ऐन मालिकेच्या वेळी लाईट जायची. २०१५च्या दुष्काळात तर पाण्यावाचून परळीचेच संच थांबले. बॅटरीवर चालणारा पडदा इथे का जिंकला, याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ सुरू झालं आणि पहिले काही महिने इंटरनेट फुकट मिळालं. उसाच्या फडातून आल्यावर, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर नाहीतर गावातल्या दुकानात पैसे देऊन चार्ज केलेला मोबाईल भाकरी थापताना चुलीशेजारी उभा राहिला. गावाकडे राहिलेल्या लेकराचा चेहरा त्यातच, कीर्तन त्यातच, मालिका त्यातच, मुकादमाचा फोन त्यातच. ऊसतोड कामगारांच्या इतिहासात उचलीच्या दराइतकीच मोठी घडामोड म्हणून मी ही नोंदवेन. फडात उभं राहून, मोळी डोक्यावर घेऊन शिडीवरून ट्रकवर चढणाऱ्या बायांनी स्वतःचे व्हिडिओ काढले. त्यांचं जगणं त्यांच्याच हातांनी पडद्यावर आलं. यातलं पुष्कळसं टिकटॉकवर होतं. २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली आणि ते एका दिवसात दिसेनासं झालं. देशाच्या सुरक्षेचा निर्णय असेल, त्याबद्दल माझं म्हणणं नाही. पण ग्रामीण महाराष्ट्राने स्वतः काढलेली इतकी चित्रं जपायचा विचार कुणीच केला नाही, याचं दुःख आहे.

यंत्राची रीतही इथे बदलली. मनोरा सगळ्यांना एकच चित्र द्यायचा आणि कोण पाहतंय हे त्याला कळत नसे. वाहिन्यांचा टीआरपी देशभरातल्या पन्नास हजारांहून अधिक घरांतल्या यंत्रांवरून अंदाजाने काढला जातो. मोबाईलवर मात्र प्रत्येकाला त्याची वेगळी प्रत जाते आणि बोट कुठे थांबलं, कुठे सरकलं याची नोंद होते. जिथे बोट थांबलं, तसलंच पुढे येतं. दसऱ्याला हे स्पष्ट दिसतं. २०२४मध्ये एकाच दिवशी जिल्ह्यात दोन मोठे मेळावे होते : सावरगाव घाटला गोपीनाथ मुंडे यांच्या कन्या पंकजा मुंडे यांचा आणि नारायणगडावर मराठा आरक्षणाचं आंदोलन चालवणारे मनोज जरांगे यांचा. दोन्ही मोबाईलवर थेट. एका आळीतल्या मोबाईलवर एक, पलीकडच्या आळीतल्या मोबाईलवर दुसरा. १९८८ साली एका संचासमोर बसलेली आळी भेदाभेदासकट एक चित्र पाहत होती. आता भेद तसेच आहेत आणि चित्रही वेगळं झालं आहे.

हे किती पेटू शकतं ते त्याआधी मराठा आरक्षणाच्या आंदोलनात, ३० ऑक्टोबर २०२३ला, दिसलं होतं. माजलगावच्या आमदारांची एक ध्वनिफीत मोबाईलवर फिरली, जमाव त्यांच्या घरावर गेला, आग लागली. बीड शहरातही घरं, कार्यालयं जळाली. मग संचारबंदी, आणि जिल्ह्याचं इंटरनेट बंद. पडद्याशी बोलण्याची सरकारकडे एवढीच भाषा उरली : चालू किंवा बंद.

आणि ९ डिसेंबर २०२४. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या. खटला न्यायालयात आहे, त्यावर इथे बोलायचं नाही. पण ३ मार्च २०२५च्या रात्री दोषारोपपत्रातली छायाचित्रं वाहिन्यांवर आणि मोबाईलवर आली आणि दुसऱ्या दिवशी राज्यातल्या एका मंत्र्याचा राजीनामा झाला. वर्षानुवर्षांचे मोर्चे जे करू शकत नाहीत, ते चित्राने केलं, हे कबूल करायलाच हवं. त्याचबरोबर ती चित्रं दिवसभर पुन्हा पुन्हा फिरवली गेली, त्या कुटुंबातल्या लेकरांच्या हातातही मोबाईल असतात याचा विचार न करता. ते चूक होतं. त्यानंतर ‘बीड’ एवढं नाव टाकलं की पडदा फक्त पिस्तूल आणि टोळ्या दाखवतो. सीताफळाचं बीड, दासोपंतांचं बीड, दुसऱ्याच्या कारखान्यांचा ऊस तोडणारं बीड शोधूनही वर येत नाही, कारण तिथे बोट थांबत नाही.

बीडला बातमीची परंपरा नाही असंही नाही. ‘झुंजार नेता’, ‘चंपावती पत्र’, ‘लोकाशा’, ‘प्रजापत्र’, ‘बीड रिपोर्टर’ अशी दैनिकं इतक्या छोट्या शहरातून निघतात. छापील अंक जिल्हा ग्रंथालयात सापडतो, जुनी बातमी तारखेसह दाखवता येते. पडद्यावर जे बोललं गेलं त्याचं असं ठिकाण कुठेच नाही. २०२१-२२मध्ये प्रसार भारतीने देशातले जमिनीवरचे जुन्या पद्धतीचे प्रक्षेपक मोजके वगळता बंद केले आणि अँटेनाचं युग संपलं. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. ती ते बनवणारी जगातली शेवटची कंपनी होती. चुंबकीय फीत बुरशीने आणि उष्णतेने खराब होते, आणि मराठवाड्याचा उन्हाळा तिला सोसत नाही. म्हणजे केबलच्या काळातल्या ज्या कॅसेट अजून कुणाच्या माळ्यावर असतील, त्या वाचवायला फार थोडी वर्षं हातात आहेत.

म्हणून वाचकांना विनंती आहे. तुम्ही केबल चालवली असेल, लग्नांचं किंवा सप्ताहांचं चित्रण केलं असेल, वार्ताहर असाल, किंवा घरात नुसती वडिलांच्या हस्ताक्षरात ‘सभा’, ‘यात्रा’, ‘दुष्काळ’ असं लिहिलेली कॅसेट पडली असेल, तर ती भंगारात देऊ नका. तिच्यावर गाव, साल आणि त्यात कोण दिसतं हे लिहा. जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना भेटा, चालू स्थितीतला एक व्हीसीआर शोधा आणि तिची प्रत करून घ्या. अंबाजोगाई, बीड, परळी, माजलगाव इथल्या महाविद्यालयांनी आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाने हे काम एकत्र येऊन हाती घ्यावं. सुरुवात एका कपाटाने झाली तरी चालेल, पण ती या उन्हाळ्याच्या आत व्हावी.